प्रभागातली अंगणवाडी, विरंगुळा केंद्र आणि थांबलेलं अनुदान: कोणत्या विभागाशी काय बोलायचं?

ताई, निवडून आल्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत पहिल्यांदाच नगरसेविका झालात. प्रभागातल्या दोन अंगणवाड्यांपैकी एक देवळाशेजारच्या पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत भरते. ज्येष्ठांना बसायला जागा, म्हणजे विरंगुळा केंद्र, नाही. काही म्हाताऱ्या माणसांचे श्रावणबाळ योजनेचे पैसे अचानक यायचे थांबलेत. तुम्ही तिन्ही मागण्यांचं एकच निवेदन सगळ्या विभागांना दिलंत, अधिकाऱ्यांना एकत्र बोलावलंत, सगळे "बघतो, प्रस्ताव पाठवा" म्हणाले आणि तीन महिन्यांत काहीही हललं नाही. तुमचा प्रश्न असा की अधिकारी नगरसेवकांचं ऐकतच नाहीत, तर त्यांच्याशी बोलायचं कसं.

मी नागरी बालविकास प्रकल्पात प्रकल्प अधिकारी म्हणून नोकरीची बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर नव्या नगरसेविकांच्या प्रशिक्षण शिबिरांत शिकवते. तुमच्यासारख्यांची निवेदनं ज्या टेबलावर येऊन पडतात, त्या टेबलामागून काय दिसतं ते सांगते.

अडचण ऐकण्याची नाही, असं मला वाटतं. त्या बैठकीतले बहुतेक जण ऐकत असणार. पण तुम्ही जे मागितलंत, ते देण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कुणाकडेही एकट्याकडे नव्हता. "आमच्या प्रभागात सुसज्ज अंगणवाडी मंजूर करावी" हे वाक्य लोकांना एका मागणीसारखं ऐकू येतं. फाईलवर त्याच्या चार मागण्या होतात: जागा कुणाची, बांधकामाचा किंवा दुरुस्तीचा पैसा कुणाचा, तिथं काम करणारं माणूस कुणाचं आणि रोजचा खर्च कुणाचा. चारही प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा चार वेगळ्या कार्यालयांत असतात. निवेदन सगळ्यांना गेलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा हलला की आपण हलू. म्हणून विभागांशी बोलण्याआधी तुम्ही स्वतः हे चार रकाने भरायचे. ज्या रकान्यात नगरपरिषदेचं नाव येईल तेवढा वाटा आधी आपण उचलायचा आणि मगच दुसऱ्याच्या दारात जायचं.

अंगणवाडीचंच बघू. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि आजही ती केंद्र आणि राज्य यांची आहे, नगरपरिषदेची नाही. सेविका आणि मदतनीस यांचं मानधन, आहार, वजनकाटे, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवरच्या नोंदी हे सगळं महिला व बालविकास विभागाच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून चालतं. ग्रामीण अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या बालकल्याण विभागाकडे असतात, शहरातल्या अंगणवाड्या नागरी प्रकल्पाकडे. पुष्कळ नगरसेवक पत्र जिल्हा परिषदेला देतात. ते तिथून फिरत फिरत नागरी प्रकल्पाच्या कार्यालयात पोचेपर्यंत पत्राचा विषयही शिळा होतो. त्यातून एका नागरी प्रकल्प अधिकाऱ्याकडे बऱ्याचदा एकाहून अधिक शहरं असतात. तुमच्या गावात त्यांचं कार्यालय नसेलही, पण पर्यवेक्षिका नक्की असेल. तुमचं पहिलं बोलणं तिच्याशी व्हायला हवं.

शहरातल्या अंगणवाड्या भाड्याच्या खोलीत का अडकतात, हेही समजून घ्या. गावात ग्रामपंचायत गावठाणातली जागा देते, बांधकामाला रोजगार हमीची जोड मिळते. शहरात जागा महाग, रोजगार हमी नाही, आणि विभागाकडे भाड्यासाठी ठरावीक मर्यादेची रक्कम. त्या रकमेत बाजारात जी खोली मिळते ती तुमच्या देवळाशेजारची पत्र्याची खोली. अंगणवाडीच्या इमारतीला किमान ६०० चौरस फूट जागा असावी, त्यात बसायची खोली, वेगळं स्वयंपाकघर, कोठी, मुलांना वापरता येईल असं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी असावं, अशी अपेक्षा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट.

अशा खोलीत सकाळी अकराच्या सुमाराला एकदा नुसत्या जाऊन बसा. भाषण नको, फोटो नको. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची उंची उभं करून मोजत नाहीत, त्याला इन्फंटोमीटरवर आडवं निजवून लांबी मोजतात. त्यासाठी सपाट मोकळी जमीन लागते, एकीनं डोकं धरावं लागतं, दुसरीनं पाय सरळ करावे लागतात. खोलीत पंचवीस-तीस मुलं, कोपऱ्यात आहाराची पाकिटं, फरशी उखडलेली असेल तर सेविका ते मोजमाप उंबऱ्यात किंवा देवळाच्या ओट्यावर घाईघाईनं उरकते. लांबी एखाद-दोन सेंटीमीटरनं चुकली तरी खुजं मूल नोंदीत ठीक दिसतं किंवा ठीक मूल खुजं दिसतं. पाकिटांच्या पोत्यांना ओल लागते, उंदीर लागतात. पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात गाणंसुद्धा ऐकू येत नाही. इमारत नीट नसली की पोषणाचा आकडासुद्धा नीट राहत नाही. विभागातल्या माणसाला ही भाषा लगेच कळते. "मुलांची गैरसोय होते" हे वाक्य तो रोज ऐकतो. "जागेअभावी शून्य ते दोन वयोगटाची मोजमापं नीट होत नाहीत" हे त्याच्या कानावर सहसा येत नाही, म्हणून त्याला त्याची दखल घ्यावीच लागते.

आता पत्राबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत "सुसज्ज", "अद्ययावत", "तातडीने" हे तीन शब्द असत आणि माहिती काहीच नसे. त्यावर माझं उत्तरही ठरलेलं: "मागणी वरिष्ठ कार्यालयास सादर करण्यात येईल." ज्या पत्रांवर काम झालं ती साधारण अशी असत. समजा, तुमच्या प्रभागात नगरपरिषदेच्या शाळेचा पट घटलाय आणि दोन खोल्या बंद आहेत. मग पत्र असं लिहा: "प्रभाग क्रमांक अमुक, अंगणवाडी क्रमांक अमुक. सध्याची जागा भाड्याची, १० बाय १२ फूट, स्वच्छतागृह नाही. पटावरील मुलं इतकी, गरोदर व स्तनदा माता इतक्या. केंद्रापासून २०० मीटरवर नगरपरिषद शाळेच्या दोन खोल्या वापरात नाहीत. त्या अंगणवाडीसाठी देण्याचा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवत आहोत. पाणी, वीज व साफसफाई नगरपरिषद करेल. या जागेत केंद्र स्थलांतरित करण्यास आपली संमती आहे का, आणि जागेत कोणत्या सुधारणा आवश्यक आहेत, हे पाहणी करून लेखी कळवावे." बस्स, एवढंच. पान उलटायला लागू नये.

हे पत्र का हलतं ते सांगते. नवीन इमारत मंजूर करणं प्रकल्प अधिकाऱ्याच्या हातात नाही. पण पर्यवेक्षिकेला पाहणीला पाठवणं, तिचा अहवाल घेणं, त्याच सेवाक्षेत्रात केंद्र हलवण्याचा प्रस्ताव करणं हे प्रकल्प अधिकाऱ्याच्या कामाचा भाग आहे. भाडं वाचतं, त्यामुळे वरच्या कार्यालयाला "नाही" म्हणायला कारण उरत नाही. आणि पत्रात प्रश्न आहे; प्रश्नाला हो, नाही किंवा अमुक सुधारणा हव्यात, यांपैकी एक उत्तर द्यावंच लागतं. मागणीला "नोंद घेतली" म्हणून सुटता येतं.

पाहणीत पर्यवेक्षिका काय बघते तेही आधीच बघून ठेवा. गरोदर बाईला चालत येता येईल का, मध्ये मोठा रस्ता किंवा रेल्वे फाटक ओलांडावं लागतं का, जागा त्याच सेवाक्षेत्रात आहे का. सेविका त्या त्या भागातली रहिवासी असावी लागते, म्हणून केंद्र दुसऱ्या प्रभागात ढकललं की सेविकेच्या नेमणुकीवरून वाद उभे राहतात. शाळेच्या खोल्या असतील तर नगरपरिषद शाळांच्या प्रशासन अधिकाऱ्यांची लेखी संमती आधी घ्या. नाहीतर दोन वर्षांनी पट वाढला म्हणून मुख्याध्यापक खोल्या परत मागतात आणि अंगणवाडी पुन्हा पत्र्याखाली जाते.

तुमच्या प्रभागाच्या टोकाला नवी झोपडवस्ती आहे आणि तिथं अंगणवाडीच नाही, असंही तुम्ही ओघात लिहिलंय. तो प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते पत्र्याच्या खोलीपेक्षा गंभीर. साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असा निकष आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात स्पष्ट म्हटलंय की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. यात गावांबरोबर झोपडपट्ट्यांचाही उल्लेख आहे. म्हणून वस्तीतल्या आयांना घेऊन घरोघर यादी करा: मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, घराची खूण. यादीवर आयांच्या सह्या किंवा अंगठे घ्या आणि मागणी त्यांच्या नावानं द्या. तुमचं पत्र वर जोडलेलं असू दे, पण हक्क त्यांचा आहे.

इथं अडचण अशी की देशभरातल्या मंजूर अंगणवाड्यांची संख्या केंद्रानं १४ लाखांवर बांधली आहे. नवं केंद्र मिळायला वेळ लागतो. त्याऐवजी शहराच्या जुन्या भागात जिथं मुलं कमी झाली आहेत, तिथलं एखादं केंद्र नव्या वस्तीत हलवता येतं का, हे प्रकल्प अधिकाऱ्याला विचारा. ते लवकर होण्याजोगं असतं. मात्र ज्या प्रभागातून केंद्र हलणार तिथल्या नगरसेवकाशी आधी तुम्ही बोला. अधिकाऱ्याला त्या भांडणात ढकललं तर ती फाईल खाली ठेवून देते, आणि तिच्या जागी मीही ठेवली असती.

बैठकीविषयी. एकट्या नगरसेवकाला राज्य शासनाच्या अधिकाऱ्यांना बैठकीला बोलावण्याचा अधिकार नाही. तुमच्या बैठकीला ते आले ते सौजन्य म्हणून, त्यामुळे तिथं बोललेलं त्यांच्यावर बंधनकारकही नव्हतं. तुमच्या नगरपरिषदेत महिला व बालकल्याण समिती आहे. तिच्या सभापतींमार्फत, मुख्याधिकाऱ्यांच्या सहीच्या पत्रानं बैठक लावली तर तिला कार्यालयीन वजन येतं. एका बैठकीत एकच विषय ठेवा. अंगणवाडीच्या बैठकीला तहसील कार्यालयाचा माणूस बोलावून काय करणार? त्या विषयाचे तीन-चार लोक पुरे: प्रकल्प अधिकारी किंवा पर्यवेक्षिका, नगर अभियंता, लेखापाल, जागा शाळेची असेल तर प्रशासन अधिकारी. आणि बैठकीच्या आधी प्रत्येकाला स्वतंत्र भेटून या. चारचौघांत पहिल्यांदाच प्रश्न टाकला की माणूस सावध होतो आणि "वरिष्ठांना विचारून सांगतो" म्हणतो. आधी भेटलात तर तो वरिष्ठांना विचारूनच येतो.

बैठक संपल्यावर इतिवृत्त दोन-तीन दिवसांत गेलंच पाहिजे. "सकारात्मक चर्चा झाली" असलं वाक्य त्यात नको. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. "पर्यवेक्षिका अमुक तारखेपर्यंत पाहणी अहवाल देतील. नगर अभियंता दुरुस्तीचं अंदाजपत्रक करतील." ज्याच्या नावावर काम टाकलंय त्याला इतिवृत्ताची प्रत द्या आणि पोच घ्या. मी टेबलामागे असताना ज्या नगरसेविका इतिवृत्त पाठवत, त्यांची फाईल मी स्वतःहून वर ठेवत असे, कारण पुढच्या वेळी तोच कागद समोर येणार हे मला माहीत असे.

उत्तरच येत नसेल तर? राज्यात २००५ चा एक कायदा आहे, बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा. लोक त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्यानुसार सर्वसाधारण फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर ४५ दिवसांत आणि पाठवावी लागत असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असं बंधन आहे. पहिल्याच पत्रात हे कलम लिहू नका. पहिल्या पत्रात कायदा दिसला की माणूस तुमच्या विरोधात उभा राहतो. ४५ दिवस झाले की दुसरं पत्र लिहा, पहिल्याचा जावक क्रमांक आणि तारीख द्या आणि "फाईल सध्या कोणत्या टप्प्यावर आहे ते कळवावे" एवढंच विचारा. तरीही शांतता असेल तर तिसऱ्या पत्रात कायद्याचा उल्लेख करा आणि प्रत वरिष्ठांना द्या. माहितीचा अधिकार नगरसेवकालाही आहेच, पण तो मी शेवटी वापरायला सांगते. त्यातून कागद मिळतात, काम होत नाही.

आता पैसा, कारण इथं बहुतेक नवे नगरसेवक अडतात. प्रत्येक नगरपरिषदेनं आपल्या अर्थसंकल्पात महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के आणि दुर्बल घटकांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. लेखापालाकडे जाऊन विचारा: गेल्या तीन वर्षांत यांत तरतूद किती, खर्च किती, अखर्चित किती, आणि कोणत्या बाबींवर खर्च करता येतो त्याचा शासननिर्णय कुठाय. तो हातात घेऊनच उठा. राज्यातल्या नगरपरिषदांवर २०२२ च्या सुमारापासून बरीच वर्षं प्रशासक होते. त्या काळात समित्या नव्हत्या, त्यामुळे हा निधी कुठं कसा वापरला गेला हे नव्या सभागृहानं विचारणं अगदी रास्त आहे. शोधाशोध म्हणून नव्हे, शिल्लक किती ते कळायला.

खोल्यांची दुरुस्ती, स्वच्छतागृह, पाण्याची जोडणी एवढी कामं नगरपरिषदेच्या पैशात बसण्यासारखी असतात. नवी इमारत हवी असेल तर जिल्हा नियोजन समितीकडे जावं लागतं. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बालविकासासाठी किमान ३ टक्के निधी राखीव आहे, आणि पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या त्या समितीत नगरपरिषदांमधून निवडून गेलेले सदस्यही असतात. तुमच्या जिल्ह्यात ते कोण आहेत ते शोधा. प्रस्तावासोबत जागेचा कागद, नगरपरिषदेचा ठराव, नकाशा, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता असावी लागते. मार्चमध्ये "पैसे शिल्लक आहेत, कुणाकडे तयार प्रस्ताव आहे का" अशी विचारणा दरवर्षी होते, आणि ज्याचे कागद पुरे असतात त्याचं काम होतं. म्हणून कागदांची तयारी पावसाळ्यात सुरू करायची, दिवाळीनंतर प्रस्ताव टाकायचा. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेरपर्यंत मंजूर व्हायचा असतो, म्हणजे तुमची बाब डिसेंबरात मुख्याधिकाऱ्यांच्या कानावर असायला हवी.

जागेचा कागद म्हणजे नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका. "ती जागा नगरपरिषदेचीच आहे, सगळ्यांना माहितीये" यावर विसंबू नका. पत्रिकेवर नाव शासनाचं निघतं, कधी एखाद्या ट्रस्टचं, कधी जुन्या लेआउटच्या मालकाचं. लेआउटमधली मोकळी जागा असेल तर तिथं बांधकामाला नियमांच्या कडक मर्यादा आहेत, शेजारचे रहिवासी न्यायालयात जाऊ शकतात. ठराव घाईनं करून टाकला आणि तो नियमबाह्य असला, तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात. मग वर्ष वाया जातं.

विरंगुळा केंद्राची गोष्ट थोडी निराळी. इथं दुसऱ्या कुठल्या विभागाकडे मागायचं फारसं काही नाही. हे नगरपरिषदेनं स्वतः ठरवायचं काम. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे ७४ व्या दुरुस्तीनं शहरांकडे सोपवायच्या १८ विषयांच्या यादीत, दुर्बल घटकांचं हितरक्षण आहे. त्यामुळे "हा आपला विषय नाही" असं कुणी म्हणू लागलं तर ते बरोबर नाही. पण इमारत बांधायच्या आधी ती चालवणार कोण ते ठरवा. कुलूप कोण उघडणार, वीजबिल कोण भरणार, स्वच्छतागृह कोण धुणार? बांधून झालेली आणि वर्षभरात मंडपाचं सामान ठेवायची खोली झालेली विरंगुळा केंद्रं मी पाहिली आहेत, आणि तिथल्या आजी-आजोबांना परत पाराखाली बसलेलं पाहून फार वाईट वाटतं. तुमच्या गावात नोंदणीकृत ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर त्यांच्याशी लेखी करार करा, मालकी नगरपरिषदेकडेच ठेवून. संघ नसेल तर एखाद्या वाचनालयाच्या खोलीत दुपारचे तीन तास सुरू करून बघा. येणाऱ्यांत बायका किती आहेत ते मुद्दाम बघा. बहुतेक ठिकाणी केंद्र पुरुषांचं होऊन जातं, आणि म्हाताऱ्या बाईला घराबाहेर बसायला जागा उरतच नाही. तिच्यासाठी वेगळा वेळ, जवळ स्वच्छतागृह आणि पायऱ्यांना कठडा एवढं केलंत तरी चित्र बदलतं.

श्रावणबाळचं मात्र उद्याच हाती घ्या. ज्या म्हातारीच्या घरी त्या १५०० रुपयांतून औषध येतं तिला बैठकीची वाट बघता येत नाही. हा विषय नगरपरिषदेचाही नाही आणि महिला व बालविकासचाही नाही. योजना सामाजिक न्याय विभागाची, पण काम चालतं तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत. पैसे थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जातात, त्यामुळे थांबण्याची कारणं बहुधा ठरलेली: खातं आधारशी जोडलेलं नाही, खातं निष्क्रिय झालंय, हयातीचा दाखला दिलेला नाही, उत्पन्नाचा दाखला संपलाय. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. एवढ्या कमी आकड्यामुळेही नावं गळतात, पण तो बदलणं तहसीलदारांच्या हातात नाही. त्यांच्याशी त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका, ते आमदारांमार्फत शासनाकडे मांडा.

तहसीलला जाताना "आमच्या प्रभागातल्या अनेकांचे पैसे बंद आहेत" असं म्हणू नका. तक्ता न्या: नाव, योजना, बँक, शेवटचा पैसा कोणत्या महिन्यात आला, पासबुकाची प्रत. अव्वल कारकुनाला तो तक्ता पुढं ठेवून प्रत्येक नावापुढं कारण लिहून मागा. अर्धी नावं तिथंच सुटतील. ज्यांचे बोटांचे ठसे उमटत नाहीत, जे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांची यादी वेगळी करा आणि बँकेच्या प्रतिनिधीला घरी पाठवण्याची विनंती बँक व्यवस्थापकाला लेखी द्या. लोकांच्या आधारचे आणि पासबुकाचे कागद मात्र जपून ठेवा, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. हे पुष्कळ कार्यकर्ते करतात आणि त्यातून म्हाताऱ्या माणसांची फसवणूक होते.

हे सगळं कुठं चालतं आणि कुठं कमी पडतं, तेही सांगितलं पाहिजे. नगरपंचायतीत माणसंच नसतात, एक अभियंता दोन-तीन ठिकाणं बघतो. तिथं अंदाजपत्रकालाच महिने जातात. महानगरपालिकेत स्वतःचा समाजविकास विभाग असतो, प्रभाग समित्या असतात, त्यामुळे तिथला रस्ता वेगळा. नगराध्यक्ष थेट निवडून आलेले असतात आणि ते तुमच्या पक्षाचे नसतील तर विषयपत्रिकेवर विषय यायलाच कष्ट पडतात. अशा वेळी मी एवढंच सुचवते की दोन-तीन प्रभागांचा मिळून एक विषय करा आणि दुसऱ्या पक्षाच्या नगरसेविकेला सूचक होऊ द्या. अंगणवाडीला विरोध करणं कुणालाही जड जातं. मुख्याधिकारी बदलले की पुन्हा पहिल्यापासून समजावावं लागतं, तेव्हा सगळ्या कागदांची एक फाईल स्वतःकडे ठेवा.

आणि सेविकेला सांभाळा. तिच्याकडे सर्वेक्षण, लसीकरणाच्या याद्या, मोबाइलवरच्या नोंदी, २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज, असं एकामागून एक येत राहतं. खोलीची दुर्दशा तिनं तुम्हाला सांगितली हे बैठकीत तिचं नाव घेऊन बोलू नका. तिला कारणे दाखवा नोटीस येते. तुम्ही स्वतः पाहिलंत, असं म्हणा.

या आठवड्यात दोन गोष्टी करता येतील: श्रावणबाळच्या तक्त्यातली नावं गोळा करणं, आणि त्या बंद खोल्यांची किंवा तुमच्या डोक्यात असलेल्या जागेची मिळकत पत्रिका काढणं. पत्रिकेवर नाव कुणाचं निघालं, लेखापालानं ५ टक्के निधीची शिल्लक किती सांगितली आणि झोपडवस्तीत सहा वर्षांखालची मुलं किती भरली, हे इथंच लिहा. प्रकल्प अधिकाऱ्याला द्यायच्या पत्राचा मसुदा मग आपण मिळून करू.